मुलाकडचा मर्फी

...नाही नाही, तुम्ही त्याची बाजू घेऊच नका! तुम्हाला तो लग्नात दिसला, डोक्याला गुलाबी फेटा, हातात नारळ, गालावर कुंकू फिस्कटलेलं, आणि तुम्ही लगेच, 'किती गोड म्हातारा हो जाधवकाका तुमचा शेजारी!' गोड? अहो, त्याची न् माझी भिंत एक आहे. तो पलीकडं खोकला की आमच्या कपबशा वाजतात. इतकी वर्षं मी ते ऐकतोय, तुम्ही नाही! त्यानं सकाळी सहाला कचऱ्याचा बिन ओढत न्यायचा, तोही आमच्या खिडकीखालनं. त्याच्या हेजची, म्हणजे कुंपणाच्या झुडपांची, डोकी आमच्या मेथीवर सावली धरणार. आणि आमच्या फोडणीचा वास गेला की हा बागेत उभा राहून, 'समथिंग बर्निंग, मिस्टर जाडाव?' जाडाव! मी काही बोललो नाही. मी शांत माणूस. फक्त दुसऱ्या दिवशी सुक्या बोंबलाची चटणी केली, खिडकी उघडी टाकून.

पण तुम्हाला सांगतो, हेज, बिन, खोकला, हे सगळं मी सोसलं असतं. मला जे सोसवलं नाही ना, ते त्याचं आडनाव!

आता चूक पहिली माझीच. लंडनला, हॅरोला नवा आलो, फिल्मच्या कारखान्यात कामाला लागलो, शेजारी कोण म्हणून बघायला गेलो. त्यानं हात पुढं केला, 'मर्फी.' आता आपल्याला मर्फी म्हणजे काय माहीत? रेडिओ! आमच्या गावात पाटलाच्या ओट्यावर एकच होता, त्याच्यावर ते गुबगुबीत पोर, गालाला बोट लावलेलं. मी भाबडा, म्हटलं, 'वा वा, तुमचा रेडिओ होता हो आमच्या गावात.' तर हा छाती फुगवून म्हणतो, 'माय फादर्स कझिन.' झालं! त्या दिवसापासून या माणसानं जगातला एक मर्फी म्हणून सोडला नाही.

टीव्हीवर कुणी स्नूकर जिंकला, मर्फी. 'आमच्यातला.' अमेरिकेत लढाईत सगळ्यात जास्त मेडलं मिळवून पुढं सिनेमात गेला तो शिपाई, मर्फी. 'आजीकडून.' यकृत खायला घालून पांडुरोग बरा करणारा, नोबेल मिळालेला डॉक्टर... मर्फी! 'लांबचा, पण रक्त तेच.' तो अमेरिकेतला हसवणारा नट, त्याच्यावर पण हक्क सांगितला. मी म्हटलं, 'मर्फी, तो काळा आहे.' तर म्हणतो, 'सो? तुझ्या घरात सगळे एका रंगाचे आहेत?' आता आमची बायको आशा गोरीपान, मी हा असा तव्यासारखा... आणि मध्ये त्या आयर्लंडमधल्या कॉर्कच्या नटाला ऑस्कर मिळालं, तेव्हा तर याला लोक येऊन भेटून जातील म्हणून आठवडाभर टाय लावून बागेत! कोण येणार? पोस्टमन आला.

रस्त्यावर खड्डे खणणाऱ्यांच्या त्या हिरव्या व्हॅन जातात, त्यावर मर्फी लिहिलेलं असतं, त्यांनासुद्धा हा हात करतो. हात!

मग मी तरी किती ऐकून घ्यायचं? एक दिवस मीपण हेजवरनं सुनावलं. म्हटलं, 'मर्फी, आम्हीपण रस्त्यावर पडलेलो नाही. आम्ही जाधव. शिवाजी महाराजांच्या आईचं माहेर जाधवांचं! आणि हेलसिंकीला कुस्तीचं मेडल आणलं तो खाशाबा जाधव, आमच्या कऱ्हाडचा!' मर्फी जरा गार झाला. पण आमची आशा, भांडी घासता घासता आतनं, 'अहो, आपण कुठले सिंदखेडचे? आपली विहीर आटली म्हणून आपला पणजा कऱ्हाडला आला, आणि तुम्ही साधी जत्रेतली कुस्तीपण लांबनं बघितलीत.' मराठीत बोलली म्हणून वाचलो.

तर तुम्हाला सांगतो, अशा या माणसाशी मी सोयरिकीचं बोलायला गेलो. होय! आपल्या पायानं! ऐका.

आमची नात सिया. आमच्या मुलाची, जयंताची मुलगी. कॉव्हेंट्रीला नोकरी, तिथंच तिनं मुलगा बघितला. फोनवर म्हणाली, 'आजोबा, मी लग्न करतोय.' मी म्हटलं, 'करतेय.' म्हणाली, 'हां, तेच.' मुलाचं नाव काय? डेक्लन. पुढं? ...तुम्ही ओळखलंत. मर्फी!

अख्ख्या इंग्लंडमध्ये दुसरं आडनाव नव्हतं?

आता तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही म्हणाल, आडनाव सारखं म्हणून काय झालं. पण मला सांगा, आपल्यात स्थळ आलं तर पहिलं काय करतात? चौकशी! मुलगा कसा, घर कसं, बाप पितो का, आई कजाग आहे का, हे मुलाला विचारतात? भाऊबंदाला विचारतात! अमक्या गावचे मोहिते असतील तर तमक्या गावच्या मोहित्यांना गाठायचं, पान खायचं, हळूच विषय काढायचा. ही रीत आहे. माझ्या बापाची अशीच चौकशी झाली, माझी झाली, जयंताची झाली. मग माझ्या नातीची सोयरीक डोळे झाकून करू? आणि भाऊबंद कुठं, भिंतीपलीकडं खोकतोय!

मी गेलो. रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. मर्फी बागेत. मला बघून आधी डब्याकडं बघितलं, मग आकाशाकडं. म्हणाला, 'कोण मेलं?'

मी म्हटलं, 'मर्फी, तुमचे कॉव्हेंट्रीचे लोक कसे आहेत?'

'कॉव्हेंट्रीचे?' त्यानं लाडू उचलला. 'का?'

मी सगळं सांगितलं. नात, डेक्लन, लग्न. आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या डोळ्यांत जे काय चमकलं ना, ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं! कारण मागच्याच महिन्यात त्याच्या हेजची तक्रार मी कौन्सिलला कळवली होती, आणि त्याला ते ठाऊक होतं. लाडू चघळत, मान हलवत, अगदी दुःखानं म्हणतो, 'जीझस. द कॉव्हेंट्री मर्फीज... काय सांगू तुला. आजा दारूनं गेला. बाप घोड्यांवर पैसे लावतो. आणि एका चुलत्यानं तर बिशपची सायकल चोरली.'

'बिशपची?'

'बिशप तिच्यावरनं उतरला होता, एवढंच नशीब.'

आता आपल्याकडं कसं आहे, भाऊबंदानं सांगितलेलं निम्मं सोडायचं आणि निम्मं धरायचं. पण निम्मं धरलं तरी अर्धी दारू, अर्धा घोडा आणि अर्धी सायकल उरते की! माझ्या नातीनं अर्ध्या सायकलीच्या घरात जायचं? जाताना डबा मात्र परत घेतला.

रविवारी सगळे जेवायला बसले. सिया आली होती, हसत होती, हॉल बघितला म्हणाली, साडी कुठली घेऊ म्हणाली. मी शांतपणानं, भाकरी मोडता मोडता सांगितलं, 'पोरी, घराणं बरं नाही. मी चौकशी केली.'

'कुणाकडे?'

मी नुसतं भिंतीकडं बोट केलं. आणि भिंतीनं, देव बघा कसा, खोकून दाखवलं.

पोरगी उभीच राहिली! 'आजोबा, तुम्ही माझी लग्न *त्याला* विचारलात? दॅट मॅन? तुम्ही त्याच्याशी बोलत पण नाही!' मी म्हटलं, 'अगं, भाऊबंद आहेत ते.' 'दे आर नॉट! आजोबा, आयर्लंडमध्ये लाखो मर्फी आहेत! डेक्लनचा आजोबा कधी प्यायला नाही, तो बस चालवायचा, आणि तो आता नाहीये, आणि तुम्ही...' रडायलाच लागली. 'तुम्ही लग्नाला येऊ नका. आय मीन इट.'

गेली. ताट तसंच. जयंत माझ्याकडं बघेना. आशानं ताट उचललं आणि म्हणाली, 'झाली चौकशी? बसा आता.'

बसलो. काय करणार? तुम्हाला सांगतो, नातीच्या लग्नाला आजा नाही, यापेक्षा वाईट काय असतं हो? ही पोरगी माझ्या खांद्यावर बसून इथल्या पिनरच्या जत्रेला गेलेली. फोन केला की उचलायची नाही. मी मेथीला पाणी घालायचो आणि हेजपलीकडं हा लबाड शीळ घालत बसायचा. शीळ! मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण कऱ्हाडकडच्या भाषेत, त्याला कळलं नाही.

आणि मग एका शनिवारी दारात टॅक्सी. उतरली एक म्हातारी, एवढीशी, चिमणीएवढी, हातात पर्स अशी धरलेली जसा काय खलबत्ता. मागं सिया, तोंड पाडून. ती म्हणजे डेक्लनची आजी, नोराबाई. मी पुढं झालो, 'या, या, बसा...' तर बाई माझ्याकडं बघेना. 'आम्हाला चोर म्हणणारा तो मर्फी कुठं आहे?'

मी बोट दाखवलं. त्यात मात्र मी कुचराई केली नाही.

अहो, ती बाई त्याच्या दारात गेली आणि बेल वाजवली नाही, पर्स वाजवली! मर्फी बाहेर आला बनियनवर. आणि मग सुरू झालं. 'कुठला तू? कुठला काऊंटी?' 'कॉर्क.' 'कॉर्कमध्ये कुठं? पॅरिश कुठला? बापाचं नाव काय? आई माहेरची कोण?' मी हेजमागं उभा, आणि माझ्या अंगावर काटा! चौकशी! काऊंटी म्हणजे जिल्हा, पॅरिश म्हणजे चर्चचं गाव, हुबेहूब आपली चौकशी! नुसतं पान नव्हतं!

शेवटी बाई म्हणाली, 'माझा नवरा कॉर्कचा नाही, वेक्सफर्डचा. तू आमचा कुणी लागत नाहीस. शंभर पिढ्यांत लागत नाहीस. मग आमची बदनामी करायचा हक्क तुला दिला कुणी? माझ्या नवऱ्याला नावं ठेवायची तर ती मी ठेवीन!'

मर्फीचं तोंड बघण्यासारखं होतं. इतकी वर्षं जगातले सगळे मर्फी गोळा करत आला, आणि समोर उभी असलेली एक मर्फीण म्हणते, तू कुणी नाहीस! अगदी बारीक आवाजात म्हणाला, 'त्यानंच विचारलं. तो लाडू घेऊन आला. मला घरचा समजून विचारलं. मला कुणी कधी असलं विचारत नाही...'

बाई वळली माझ्याकडं. आता माझी पाळी. मी म्हटलं, 'बाई, आमच्यात रीत आहे. मुलगी द्यायची तर चौकशी करतात. चुकीच्या दारात गेलो.'

बाई एकदम हसायला लागली. म्हणाली, 'माझा बाप चार गावं हिंडला होता माझ्या नवऱ्याची खबर काढायला. मला वाटलं ही रीत मेली.' आणि सियाला म्हणाली, 'पोरी, तुझ्या आजोबांनी केलं ते बरोबर. फक्त गाढवाला विचारलं.'

सियानं नाक पुसलं. म्हणाली, 'ओके. आजोबा, या लग्नाला.' मला भरूनच आलं! पण पोरगी जाधवांची, नुसती माफ करेल? म्हणाली, 'बट. ते व्याहीभेट आहे ना, दोन्हीकडचे आजोबा हग करतात, फेटा बांधतात? डेक्लनला आजोबा नाही. तुम्ही कुणाला भेटणार?' आणि नोराबाईनं मागं न बघता अंगठा केला, बनियनकडं. 'नाव लागतं ना? नाव आहे त्याच्याकडं.'

'यू वॉन्टेड अ मर्फी, आजोबा,' सिया म्हणाली. 'घ्या.'

पुढचं तुम्ही बघितलंच. हॉलमध्ये तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात, फोटो काढत होतात, आणि मी त्या माणसाला टॉवेल-टोपी, नारळ देऊन, कुंकू लावून मिठी मारत होतो! आणि तो सोडेना हो! मी सोडली तरी तो सोडेना. कानाशी त्याचा श्वास, आणि मान ओली माझी. बायको जाऊन किती वर्षं झाली, पोरं तिकडं ऑस्ट्रेलियात, पर्थला. कोण मिठी मारणार त्याला? मी काही बोललो नाही.

झालं, लग्न झालं, पोरगी सुखात आहे. पण माझं काय? आमच्या आशानं त्याला शिकवून ठेवलंय, तुम्ही मुलाकडचे, हे मुलीकडचे, यांनी तुमचा मान राखायचा! आता दर रविवारी हा बोटं चाटत आमच्या टेबलाला. येतो, बसतो, 'मुलाकडचा!' म्हणतो छातीवर हात ठेवून, एवढं एकच मराठी येतं त्याला, आणि मला उठून पहिला चहा त्याला द्यावा लागतो. हेज? हेज तो आता आपणहून कापतो, वर माझीपण कापून देतो. बिन उचलून नेतो. आमच्या फोडणीला 'लव्हली' म्हणतो. कौन्सिलला कळवू तरी काय?

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की काका. काय बरं झालं? सकाळी उठलो की मला एक काम असायचं! भिंतीला कान लावायचा, आज याला कसा जिरवायचा ते ठरवायचं, दिवस कसा भरायचा माझा! आता सकाळी उठतो, पलीकडं खोकला होतो, आणि मी आशाला म्हणतो, व्याह्यांना काढा नेऊन दे...

आता तुम्हीच सांगा, या वयात मी नवा वैरी शोधायला कुठं जाऊ?