टीव्हीवरची पालखी

त्या लाईव्हचं नाव काढू नका, वीट आलाय मला. शिमग्याला आमची पालखी टीव्हीवर थेट दाखवत होते. ती अजून वरच्या आळीत होती. दादा जहाजावर नोकरीला, म्हणून टीव्हीसमोर मोबाईल धरून मी त्याच्यासाठी लाईव्ह केलं. पाच मिनिटांत बंद! म्हणे, प्रक्षेपणाचा कॉपीराइट चॅनेलचा.

आई म्हणाली, "देव आपला, खांदा आपला, नि हक्क त्यांचा व्हय?"

मग बसलो तक्रारीचा फॉर्म भरत. तीनदा भरला, तीनदा परत आला. तेवढ्यात दादाचाच फोन.

"बघितली रे पालखी. इथं एकाकडं चॅनेलचं ॲप हाय. आपल्याच अंगणात नाचवली. आई एकटीच ओवाळत होती. तू कुठं होतास?"