हीटर चालू, खिडकी उघडी

थंडीचं काय घेऊन बसलात, यार! आई नागपूरहून आमच्याकडे परदेशात, ट्रॉयला आली, तेव्हा हीटरवरून रोज वाजायचं आमचं. हीटर वाढवायची ती, आणि खिडकी उघडायचीही तीच!

“अगं आई, बाहेर बर्फ पडतोय. एक काहीतरी बंद कर!”

“फटीएवढीच उघडलीय रे. भाजीवाला नाही, शेजारचा कुकर नाही. बंद घरात कुणाचा आवाजच येत नाही.”

“मग उघडल्यावर येतो का?”

“नाही येत. पण आला तर कळेल ना!”

मार्चमध्ये आई परत गेली.

परवा बायको ओरडली, “हीटर चालू असताना खिडकी कोणी उघडली?”

मी फटीशीच उभा होतो. म्हटलं, “थांब, जरा ऐकू दे.”