दहा अक्षरं दुकानाची, सहा नणंदांची

...आणि वर म्हणतात, घरचाच माणूस! नाही, तुम्ही बसा, पंखा हवा तर तुमच्याकडे फिरवून घ्या, पण मला एवढंच सांगा, घरच्या माणसापासून कुणी लपवतं का? लपवतं? बरं, लपवतं. मग त्याला घरचाच माणूस कशाला म्हणायचं, 'ए, इकडे ये' म्हणा ना, मी येतो, नऊ वर्षं येतोच आहे की.

मी दानियल. मूळचा नवापूरच्या डोंगराकडचा, राहतो शहाद्यात, आणि कामाला हुकमीचंद शेठजींच्या कापडाच्या दुकानात. म्हणजे दुकानात नाही, दुकानाच्या माडीवर. खाली साड्या, वर सर्किटं. कसं, तर शेठजींचा नातू पुनीत पुण्याहून इंजिनियर होऊन आला आणि म्हणाला, दादाजी, मी काही गज घेऊन बसणार नाही, मी ठिबकचे डबे बनवणार. शेठजी म्हणाले, बनव बेटा, पण दानियलला सोबत घे, आयटीआय झालेला आहे, तारांचं झाळकाम छान करतो, आणि तो तर घरचाच माणूस. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी घरी जाऊन प्रिस्किलाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे वाक्य दोनदा ऐकवलं होतं. ती म्हणाली, जेवायला वाढू का?

तर डबा. शेतात खांबाला एक डबा, डब्यात नखाएवढी चिप, आणि ती चिप पाण्याच्या पाळ्या लावते. पहिल्या लाईनची पपई भिजली की व्हॉल्व्ह बंद, दुसऱ्या लाईनचा चालू. सोपं वाटतं ना? पण त्या चिपला ना धड पडदा ना कीबोर्ड, तिच्यावर बसून काही लिहिता येत नाही. लिहायचं आमच्या माडीवर, लॅपटॉपवर, आणि चालणार कुठे, तर कुणाच्या तरी पपईत. पुनीत याला क्रॉस डेव्हलपमेंट म्हणतो आणि म्हणताना चष्मा सारखा करतो. अहो, माझा बाप तीस वर्षं तेच करतो! रामसिंग टेलर. गिऱ्हाईक ऊसतोडीला गुजरातेत, माप जुन्या सदऱ्यावरून, कापणार बाप, शिवणार काकू तिच्या घरी. मग गोंधळ होऊ नये म्हणून बाप प्रत्येक तुकड्याला टाचणीने चिठ्ठी लावतो, की ही बाही, ही इथे लागणार, आणि हिला कफ जोडायचा राहिलाय. झालं. प्रोग्रामचंही तसंच असतं. तुकड्या-तुकड्यांत तयार होतो, तुकड्याला म्हणतात ऑब्जेक्ट फाईल, आणि चिठ्ठी कशी लिहायची हे एकदाचं ठरवणं म्हणजे फॉरमॅट.

आता तुमच्यातलं कुणी म्हणेल, असे फॉरमॅट जगात तयार पडलेत की. पडलेत ना! पण आमची चिप एवढीशी, तयार फॉरमॅटची नुसती चिठ्ठीच तिच्या पोटात मावेना. म्हणून आमचा आम्ही बनवायचा ठरला. आणि तो कुणी बनवला? साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, तीन आठवडे बसून, बापाच्या चिठ्ठ्या आठवून आठवून कुणी बनवला? मी! तुकड्याचं नाव, जायची जागा, लांबी, काय जोडायचं राहिलं. चार ओळी. पुनीत पुठ्ठा बघून म्हणाला, यार दानियल, हे तर पुण्यातसुद्धा कुणी एवढं छोटं केलं नसतं. तो पुठ्ठा मी अजून ठेवलाय.

मग काम सुरू झालं. मी तुकडे करायचो, आणि शेवटचा हात, म्हणजे चिठ्ठ्या लावून तुकडे डब्यात भरायचं काम, पुनीत स्वतः करायचा. स्वतःच्या लॅपटॉपवर. आणि मी वेडा, मला काय वाटायचं, बिचारा कंटाळवाणं काम आपल्या अंगावर घेतोय. मी त्याला चहा नेऊन द्यायचो हो!

आणि गेल्या आठवड्यात, मंगळवारी, पुनीत लग्नाला राजस्थानात, आणि प्रकाशा गावाहून आमच्या गिऱ्हाइकाचा, हिलाल आप्पांचा फोन. डबा पहिल्या लाईनवरच अडकलाय, पाणी चालूच, आणि पपईच्या मुळाशी पाणी तुंबलं की पपई किती दिवसांची सोबती हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी लॅपटॉप घेऊन मोटरसायकलवर निघालो. गेलो, बघितलं, चूक सापडली, पाळी बदलण्याच्या तुकड्यात होती, माझीच होती, खोटं कशाला बोलू. दहा मिनिटांत नवा तुकडा केला, पुठ्ठ्यावर ठरल्याप्रमाणे चिठ्ठी लावली, डब्याला वायर जोडली, आणि डब्याच्या त्या दोन बोटं रुंद पडद्यावर काय आलं माहीत आहे?

'अनोळखी.'

मी परत लावली. अनोळखी. वायर पुसून लावली. अनोळखी. अहो, त्या डब्यातला एक एक टाका मी झाळलाय, त्याच्या झाकणाचे स्क्रू मी पिळलेत, आणि तो मला म्हणतो अनोळखी! मागे हिलाल आप्पा चिखलात उभे. ते म्हणाले, "काय रे भो, हाऊ डबा तूच बनाडा ना? मंग हाऊ तुले वयखत कसा नही?" मी म्हटलं, आप्पा, उन्हाने असेल.

मग मी डब्यातली जुनी चिठ्ठी बाहेर काढून वाचली. जिथे आकडे असायला हवेत, तिथे अक्षरं! देवनागरी! जागा नाही म्हणून आम्ही जगाचे फॉरमॅट सोडले, पुठ्ठ्यावर एकेक घर वाचवलं, आणि देवनागरी अक्षर मशीनच्या पोटात तिप्पट जागा खातं. पण ते जाऊ द्या. अक्षरं ओळखीची होती, दुःख ते आहे.

म्हणजे असं की, जुन्या कापड दुकानात साडीच्या लेबलावर खरेदीचा भाव आकड्यात लिहीत नाहीत. दुकानाचा एक गुप्त शब्द असतो, दहा अक्षरी, एकही अक्षर दोनदा नाही. पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, असं शून्यापर्यंत. गिऱ्हाईकाला कळू नये म्हणून. शेठजींच्या दुकानाचा शब्द पंचावन्न वर्षांचा आहे. तो फक्त घरच्यांना माहीत, म्हणजे शेठजी, त्यांच्या मंडळी छोटीबाई, पुनीत, आणि मला, आणि गादी झटकणाऱ्या कोकिळाबाईंना, आणि समोरच्या चहावाल्याला. पण कुणी बोलत नाही. मीही तुम्हाला सांगणार नाही.

तर त्या शब्दात माझा फॉरमॅट कुलूपबंद केला होता. आणि आमच्या कामात आकडे दहावर थांबत नाहीत, सोळा असतात. का असतात विचारू नका, असतात. दहा अक्षरं मला माहीत. उरलेली सहा? ती नवीनच. कधी घातली, कुणी घातली, काही पत्ता नाही.

लावला पुनीतला फोन. मागे बँड. मी म्हटलं, पुनीत, चिठ्ठीत अक्षरं कशी? तो म्हणाला, "अरे हां... ते... दादाजी बोले, आकडे असे उघडे ठेवायचे नसतात. परक्याला कळू नये ना." परक्याला! अहो, त्या माडीवर माणसं दोन. एक पुनीत. मग परका कोण? मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "यार, तू मनाला लावून घेऊ नको, तू तर घरचाच माणूस, दादाजींना विचार ना, घोडा निघाला आमचा," आणि ठेवला. शेठजींना लावला. ते म्हणाले, असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, उद्या दुकानात ये. उद्या? शेठजी, पपई? "पपई पण घरचीच समज," म्हणाले आणि ठेवला.

हसू नका. मला वाईट वाटलं. बांधावर बसलो आणि खरंच वाईट वाटलं. एवढ्यात हिलाल आप्पा म्हणाले, "दे तो पान्हा. मी हातवरी फिरावस." आणि गेले, पान्ह्याने व्हॉल्व्ह पिळला, पाणी बंद. सत्तरीचा माणूस, एका मिनिटात. माझ्याकडे बघितलंही नाही.

मग मी शेवटचा फोन लावला, छोटीबाईंना. म्हटलं, बाई, दुकानाच्या दहा अक्षरांपुढे अजून सहा कुठली हो? पलीकडे कुकरची शिट्टी. बाई म्हणाल्या, "अरे बेटा, ते तर मीच दिले! पुनीत बोला, दादी, सहा अक्षर दे, कधी विसरणार नाही असे. मी बोलली, मेरी सहा नणंदा! मरेपर्यंत नाही विसरणार." आणि सांगितली की, थोरलीपासून धाकटीपर्यंत, प्रत्येकीच्या स्वभावासकट! झमकूबाईंचा झ, ज्यांनी लग्नात बाईंची पैंजणं बदलली. फूलीबाईंचा फ, ज्या अजून येतात आणि डाळीत मीठ कमी म्हणतात. टमूबाई, ढेलीबाई, थावरीबाई. सहाव्या भंवरीबाई, त्यांच्यावर तर सात मिनिटं. मी एका हाताने लिहून घेतोय आणि हूं हूं करतोय. शेवटी म्हटलं, बाई, हे गुप्त आहे ना, मला कसं सांगितलंत? बाई म्हणाल्या, "तुझ्यापासून काय लपवायचं? तू घरचाच माणूस."

त्या एका बाईंनी ते खरं म्हणून म्हटलं. मी म्हटलं, बाई, कुकर बघा.

अक्षरं टाकली, डब्याने ओळखलं, पाळी बदलली. हिलाल आप्पांनी दोन पपया दिल्या. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पुनीत लग्नाहून परतला आणि काल सकाळी शेठजी माडीवर आले. त्या गुडघ्यांनी, सतरा पायऱ्या चढून. म्हणाले, दानियल, बाईंनी तुला सांगितलं असं कळलं. मी म्हटलं, हो शेठजी. पण शेठजी, फॉरमॅट माझा आहे, मग मी परका कसा? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमाने, हां, ते खोटं नव्हतं. म्हणाले, "परका नाही रे. पण बाहेर फुटलं ना एकदा, आता बदलायला पाहिजे. पुनीत, सहा नवीन घाल. दानियल, तू जरा भिंतीकडे तोंड कर."

आणि मी केलं! नऊ वर्षं नोकरी, एक फॉरमॅट नावावर, आणि मी शाळेतल्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून उभा. समोर काचेच्या चौकटीतलं कॅलेंडर. मागे पुनीतची दोन बोटांची टकटक, मग टकटक बंद. आणि मग पुनीत म्हणतो, "दानियल... ते अमुक अक्षर कुठल्या बटणावर असतं रे?"

अक्षर तुम्हाला सांगत नाही, सध्या चालू आहे.

कारण मराठी टायपिंग त्याला येतच नाही. डब्यासोबतची मराठी माहितीपत्रकं मीच टाईप करतो ना! मी कॅलेंडरकडे बघत म्हटलं, शिफ्ट दाब, आणि उजवीकडून तिसरं. सापडलं? "हां." टक. "आणि ते तमुक?" शिफ्ट नको, वरच्या ओळीत. टक. अशी एक नाही, दोन नाही, सहाच्या सहा अक्षरं त्याने मला विचारून घातली. क्रमाने. शेठजी शेजारी उभे राहून मान हलवत होते, मला कॅलेंडरच्या काचेत दिसत होते.

"झालं?" शेठजी म्हणाले. "झालं, दादाजी." "हां, दानियल, फिर आता."

मी फिरलो.

"काही बघितलं नाहीस ना?"

म्हटलं, नाही शेठजी.

शेठजींना केवढं समाधान झालं. पुनीतकडे वळून म्हणाले, "बघ. म्हणून मी सांगतो ना, घरचाच माणूस."