फिरक्या, चिखल्या आणि उशिऱ्या

आई: हा व्हिडिओ बघ, पुन्हा गोल फिरायला लागला. समोरचा माणूस सुईत धागा ओवून बसला असेल आणि हा आपला फिरतोय.

मी: नेट हळू असेल, आई.

आई: नेट हळू, दादाला वेळ नाही, तुझं पुस्तक संपत नाही. घाई काय ती माझ्या एकटीच्या सुईला.

मी: मिटलं पुस्तक. बोल.

आई: बोट आहे आत. मिटलेलं पुस्तक मला ओळखता येतं.

मी: हे घे, बोटही काढलं. आता सांग काय झालं.

आई: दादाने माझ्या वेबसाइटच्या पानावर तीन खिडक्या करून दिल्यात ना, रफूचा माझा एकच व्हिडिओ तीन प्लेअरमध्ये? म्हणाला, आई, तूच बघ आणि ठरव कुठला ठेवायचा. ठरवलं. एकही नाही.

मी: असं कसं एकही नाही?

आई: पहिला हा फिरक्या. जरासं दाखवतो, मग फिरत बसतो. दुसरा चिखल्या. तो थांबत नाही, पण कापडाचा पार चिखल करून टाकतो. आणि तिसरा उशिऱ्या. आधी चिखल, मग हळूच जरा बरा चिखल, आणि तोवर माझे चार टाके होऊन गेलेले असतात.

मी: नावं ठेवण्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

आई: नावं ठेवत नाही, तुझी ओळख करून देतेय. लाव फोन दादाला.

मी: कामात असेल तो. लोकांच्या वेबसाइट बनवतो, तुझ्या एकटीची नाही.

आई: लाव गं. आणि स्पीकरवर टाक, माझे हात या रफूच्या कोटात गुंतलेत.

दादा: आई, मी मीटिंगमध्ये आहे.

आई: मग उचललास कशाला?

दादा: तुझा म्हणून उचलला. बोल पटकन.

आई: चिखल.

दादा: पुन्हा? अगं, तीन वेगवेगळे प्लेअर आहेत ते. दुसरा त्या मोठ्या व्हिडिओ साइटचा आहे, ते लोक प्रत्येक फाइल दाबून लहान करतात, तिथे चिखल होणार हे मला मान्य. तिसरा नेटचा वेग बघून दर्जा वरखाली करतो. पण पहिला ब्राउझरचा स्वतःचा आहे. तो काहीच करत नाही. जशी फाइल आहे तशी समोर ठेवतो.

आई: फिरून फिरून ठेवतो काय, तर चिखलच.

दादा: शक्यच नाही. तो आहे तसं दाखवतो.

आई: आहे तसं म्हणे! कापड माझ्या हातात आहे. आहे तसं म्हणजे कसं, ते मला विचार.

दादा: आणि तू गं, तू बघितलंस का? तुला दिसतोय का चिखल?

मी: मला व्हिडिओ चालू झालेला दिसतोय. चांगला चाललाय की.

आई: हिला काय विचारतोस? ही सुरुवातीचं जरासं बघते आणि हो म्हणते.

दादा: आई, खरं सांगू का, लोकांना इतकं बारीक दिसतच नाही.

आई: लोकांना दिसू नये म्हणून मी रफू करते, बाळा. शिकणाऱ्याला दिसावं म्हणून व्हिडिओ करते. एवढा साधा फरक तुमच्या डोक्यात शिरत नाही.

दादा: बरं. रविवारी बघतो. आजचा टाक ग्रुपवर, मी तिथून उचलून घेतो.

आई: टाकते. जा, तुझे साहेब वाट बघत असतील.

मी: आई, साहेब तोच आहे तिथला.

आई: मग मीटिंगमध्ये काय करतो? बरं, ये इकडे. आलीच आहेस तर बघून घे.

मी: काय बघू?

आई: हा कोट. कसरीने खाल्लाय, इथे खिशाच्या वर. धागे याच्याच आतल्या पट्टीतून काढलेत, म्हणजे रंगात फरक नको. दोन वर, दोन खाली. दोन वर, दोन खाली. पुढच्या ओळीला एक धागा सरकायचं, म्हणजे कापडातली तिरकी रेघ जुळते.

मी: कळलं.

आई: कळलं? मग सांग, ओळ संपली की सुई कुठून फिरवायची?

मी: आई, मला रफू करायचं नाहीये. मला फक्त तुझा प्लेअर चालतोय का ते बघायचंय.

आई: हो बाई. विदुषींना भोकं कुठली पडायला!

मी: रागावलीस?

आई: रागावायला वेळ कुणाला आहे? या कॅमेऱ्याची मान जरा खाली कर. दोरी सोडू नकोस, दिव्याच्या दांड्यासकट खाली येईल सगळं.

मी: तू व्हिडिओत काही बोलत का नाहीस पण? निदान सांगत तरी जा, आता हे केलं, आता ते केलं.

आई: बोललं की लोक ऐकायला लागतात. बघायचं राहून जातं.

मी: किती राहिलंय अजून?

आई: नखाएवढं. पण आता डोळे ओढायला लागलेत. सुई राहू दे तशीच, उद्या पुरा करते. कोटवाल्या बाई उद्या संध्याकाळी यायच्यात. दिवा बंद कर. आणि दादाला म्हणावं, चौथी खिडकी कर.

मी: उद्या सांगते.

(दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. पुढचं बोलणं काही आठवड्यांनंतरचं. टेबल तेच.)

दादा: तू अजून तेच चालवतेयस?

मी: शेवटचा आहे. कोटाचा. चिखल्यात चिखल, उशिऱ्यात उशिरा चिखल.

दादा: ती नावं नको ना घेऊस. मला काम सुचत नाही.

मी: मग तुझी नावं सांग. ती माझ्या लक्षात राहत नाहीत.

दादा: त्या कोटवाल्या बाईंचा फोन आला होता म्हणालीस ना? काय म्हणाल्या?

मी: तसाच द्या, म्हणाल्या. मी आत रुमाल लावून वापरीन, म्हणाल्या. फार चांगलं बोलल्या.

दादा: मग देऊन टाक!

मी: चांगलं बोलल्या म्हणून तर देववत नाही. त्या ओरडल्या असत्या तर दिला असता.

दादा: दुसऱ्या रफूवाल्याला विचार मग. शहरात एकटी आईच होती का?

मी: विचारलं. तो म्हणाला, दुसऱ्याचं अर्धं काम मी पुढे नेत नाही. आधीचं सगळं काढीन आणि पहिल्यापासून भरीन.

दादा: भरू दे की.

मी: आधीचं सगळं म्हणजे आईचं, दादा. कात्रीने.

दादा: ...बरं. म्हणजे तू करणार. तू! तुझ्या ड्रेसची बटणं लग्नानंतरही आई लावून देत होती.

मी: नखाएवढंच राहिलंय. उभे धागे तिने सगळे लावलेत. आडव्या ओळी शेवटच्या तेवढ्या बाकी आहेत. दोन वर, दोन खाली, तिथपर्यंत जमेल मला. पण ओळ संपली की ती सुई कुठून तरी आत घेते आणि कुठून तरी बाहेर काढते. तिथेच दिसत नाही. नेमका तिथेच राखाडी लगदा.

दादा: कापडावर बघ ना, तिने केलेल्या ओळी आहेत.

मी: बघितल्या. भिंगातून बघितल्या. दिसल्या असत्या तर ते रफू कसलं?

दादा: ठीक आहे. सरक. मी फाइल नव्या पद्धतीने करून आणलीय. दर्जा तोच, आकार निम्मा. चौथा प्लेअर घालतो.

मी: दर्जाच नाही, त्यात निम्मा कशाला?

दादा: अगदी आईसारखी बोलायला लागलीस.

मी: लाव तुझा चौथा.

दादा: हा बघ. किती सहज चालतोय. अडकत नाही, फिरत नाही.

मी: चिखलही सहज चाललाय.

दादा: मग तुझ्या स्क्रीनमध्ये दोष असेल.

मी: आईच्या फोनवरही असाच दिसायचा. तुझ्या ऑफिसात?

दादा: ऑफिसात मी... चालतो का एवढंच बघायचो.

मी: मीसुद्धा.

दादा: मोठा करून बघतो. थांब. निम्मी करण्याआधीचीच ही फाइल एवढीशी कशी? एवढा लांब व्हिडिओ, चांगला कॅमेरा, आणि फाइल एवढीशी? ही कुठली उचललीस तू?

मी: मी कशाला उचलू? तूच उचलायचास. ग्रुपवरून.

दादा: घरच्या ग्रुपवरून?

मी: आई कॅमेऱ्यातून थेट फोनवर घेऊन ग्रुपवर टाकायची, तू तिथून घेऊन पानावर चढवायचास. पहिल्यापासून तसंच चाललं होतं. काय झालं? असा काय बघतोयस?

दादा: अगं, ग्रुपवर टाकलं की ते ॲपच व्हिडिओ चेपून चेपून लहान करतं. लहान मुलांचे वाढदिवस बघायला ठीक आहे ते. धागा कुठून दिसणार?

मी: म्हणजे?

दादा: म्हणजे आपण इतके महिने चिखलच घेतला, तो तीन भांड्यांत ओतला, आणि कुठल्या भांड्यात कापड दिसतं ते बघत बसलो.

मी: आणि आई भांड्यांना शिव्या देत बसली.

दादा: पहिला प्लेअर तर बिचारा खरंच आहे तसं दाखवत होता.

मी: दादा, हा तुझा धंदा आहे ना? रोजचा?

दादा: गिऱ्हाइकाने अशी फाइल पाठवली असती तर त्याच क्षणी परत केली असती. आईच्या ग्रुपवर मी धंदा नव्हतो गं करत. ती टाकायची, मी उचलायचो. घरातलं माणूस ताटात वाढतं, तेव्हा कुठून आणलं विचारतो का आपण?

मी: हसू नकोस.

दादा: तू हसतेयस.

मी: मी हसत नाहीये. मला इतका संताप आलाय की कुणावर काढू ते कळत नाही. ती शेवटच्या दिवशीही सांगत होती. कापड माझ्या हातात आहे, मला विचारा.

दादा: कॅमेऱ्यातलं कार्ड कुणी काढलंय?

मी: कुणीच नाही. कॅमेरा तिने बांधला तसाच आहे, तुझ्या डोक्यावर. धूळ पुसतानाही हात लावला नाही मी.

दादा: मग मूळचे त्यात असतील. काढू का?

मी: गाठ सोडू नकोस. कार्ड खालच्या बाजूने निघतं.

दादा: निघालं. हं... आहेत. सगळे आहेत. बघ, आकार बघ एकेकाचा. कोटाचा हा, सगळ्यात शेवटचा. कशात लावू?

मी: फिरक्यात.

दादा: इथे फाइल मशीनमध्येच आहे, नेट मध्ये येत नाही. फिरणार नाही तो.

मी: लाव तर.

दादा: लव दिसतेय गं. कापडावरची लव.

मी: एकेक धागा. बघ, तो जो वर आलाय तो थोडा जास्त काळा आहे. आतल्या पट्टीतला. ऊन न लागलेला.

दादा: तिच्या अंगठ्याला चीर आहे. ही कधी पडली?

मी: नेहमीची आहे. दिसली आज.

दादा: बंद करू का थोडा वेळ?

मी: नको. ओळ संपतेय. आता... आता... थांबव!

दादा: थांबवला.

मी: मागे घे. अजून थोडा. सुई बाहेर चांगल्या कापडात नेते ती, भोकाच्या काठापलीकडे, आणि मग फिरवून... परत लाव.

दादा: वेग कमी करून देतो. याला तेही येतं. सगळ्यांत साधा, आणि हाच कामाचा निघाला. झालं? कळलं?

मी: हं.

दादा: हं म्हणजे?

मी: म्हणजे बघतेय मी. कशाला मागे लागतोस?

दादा: कारण मी तुला ओळखतो. शाळेत गणित अडलं की पुस्तकामागून पुस्तक काढायचीस, रडवेली व्हायचीस, पण कुणाला विचारायची नाहीस.

मी: कुणाला विचारणार? तू मैदानावर असायचास. आईला गणित येत नव्हतं.

दादा: रफू येत होतं.

मी: दादा, प्लीज.

दादा: बरं, नाही बोलत. कोट कुठेय?

मी: हा काय. दिवा जरा जवळ ओढ. सुई मी तिचीच घेणार आहे, लागलेली आहे तीच.

दादा: सुई उलटी धरलीयस.

मी: तू बघतोयस म्हणून.

दादा: व्हिडिओ पुन्हा पुन्हा लागत राहील असं करून ठेवलंय. मागे न्यायचा तर हे बटण. थांबवायचा तर हे.

मी: कळ... बरं. तू कुठे निघालास?

दादा: बाहेर बसतो जरा. मी इथे असलो तर तू ओठ आवळूनच बसशील. पानावर उद्या चढवू सगळे, मूळचे. सगळ्या जगाला दिसू देत.

मी: उद्या नको. आधी हा होऊ दे. त्या बाईंना फोन करून सांग, थोडे दिवस लागतील म्हणावं.

दादा: सांगतो. दार लोटून घेऊ?

मी: घे.

मी: दोन वर. दोन खाली. दोन वर... एक सरकून. दोन खाली. आता ओळ संपली. आता पलीकडे... नाही, इथून नाही. थांब. थांब गं जरा. आई, मला येत नाहीये. मला परत दाखव.