हज्जा फिद्दाची न प्यायलेली कॉफी

हसा! हसा खुशाल! अजून मी तोंड उघडलं नाही आणि मागच्या बाकावर खुसखुस सुरू... म्हणजे गोष्ट तुमच्यापर्यंत आधीच पोचलीय तर! मग मला कशाला उभं केलंय इथे? दरवर्षी नवी तुकडी आली की तुमच्या या रनीमबाई खालच्या कचेरीतून मला काका-काका करत बोलावतात, 'अम्मो, पाचच मिनिटं, पहिला धडा तुमचाच,' आणि मी, अबू घालिब, सात गावांच्या पाण्याचा अधिकारी, एकतीस वर्षांची नोकरी, इथे फळ्यापुढे उभा राहून आपली फजिती आपल्याच तोंडानं सांगतो! पण एक गोष्ट आधी वहीत लिहून घ्या. दार बंद होतं! तुम्हाला सांगतो, तिन्ही कुलपं लावून बंद होतं!

तर त्या वर्षी हा हॉल मला हवा होता पाइप ठेवायला. आणि ही रनीम, बसवाल्या ओदेहची पोर, एकवीस वर्षांची, कचेरीत येऊन उभी. 'अम्मो, आमचा कॉम्प्युटर-सुरक्षेचा वर्ग वर्षभर इथेच राहू द्या. गुरुवारपर्यंत तुमची सही झाली नाही तर वर्ग अम्मानला जाणार.' मी म्हटलं, जाऊ दे की, अम्मान काय चंद्रावर आहे? तर म्हणते, 'आम्ही बारा जणी आहोत. एकीचाही बाप रोज अम्मानला पाठवणार नाही. सगळ्या घरी बसतील.' मी आपला शहाणा! म्हटलं, अगं बाई, कॉम्प्युटर सांभाळायला शिकावं काय लागतं? दाराला कुलूप, किल्ली खिशात, झालं शिक्षण! त्यावर ही शांतपणे, 'पंप कोण चालवतं अम्मो?' कॉम्प्युटर. 'तो बिघडला तर?' अम्मानहून माणूस येतो. 'कधी?' आता ते... दोन महिन्यांनी म्हणा, त्याची सवड असेल तेव्हा... 'आणि तोवर सात गावांनी काय प्यायचं?'

चिडलो! आठवड्यातून एक दिवस आपल्याकडे पाणी सुटतं, त्यात छतावरच्या टाक्या भरतात, आणि तो दिवस चुकला तर बायका माझ्या दारात येऊन माझ्या सात पिढ्या उद्धरतात, ते मला ही सांगणार? म्हटलं, गुरुवारपर्यंत माझ्या त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचून दाखव. पोचलीस तर सही, नाहीतर पाइप! तर ही म्हणते, 'लिहून द्या.' लिहून घेतलं हो! माझ्याकडून घेतलं, अम्मानच्या साहेबांकडून घेतलं, शिक्के मारून! मला तेव्हाच कळायला हवं होतं...

मग मी काय केलं विचारा. तीन कुलपं आणली. पासवर्ड बदलला, चोवीस अक्षरांचा, मलाच पाठ व्हायला दोन दिवस लागले, झोपेत पुटपुटायचो, बायको, उम्म घालिब, म्हणायची, 'कोण आहे ही? कुणाचं नाव घेताय?' दाराशी फव्वाजला बसवला. फव्वाज म्हणजे, तुम्ही बघितलाय, दारात बसला की दारच दिसत नाही. त्याला सांगितलं, रनीम दिसली की हाकल. 'आणि तिची आई आली तर?' तिलाही! 'आणि तिचा बाप?' त्यालाही! रविवार गेला, सोमवार, मंगळवार, बुधवार... कुणी फिरकलं नाही. दार बंद होतं, तिन्ही कुलपं लावून बंद!

गुरुवारी अकराला बाहेरून काठीचा आवाज. फव्वाज दाराबाहेरूनच, 'हज्जा आहेत कुणी, पलीकडच्या गावच्या, थकल्यात.' आता म्हातारी बाई दारात, काय उन्हात उभी ठेवू? उघडली कुलपं. एक, दोन, तीन, माझ्या हातांनी! बसा हज्जा. कॉफीचा दल्ला शेगडीवर होताच, वेलदोडा घातलेली कडू कॉफी मी रोज घरून भाजून आणतो, ओतली, दिली. तिनं उजव्या हातानं घेतली... आणि खाली ठेवली.

आता हसताय! माझ्या जागी बसून बघा! पाहुण्यानं कप पुढ्यात ठेवला, प्यायला नाही, म्हणजे मागणं आहे. आणि मागणं पुरवल्याशिवाय तो कप उचलत नाही. मी म्हटलं, प्या हज्जा. 'कशी पिऊ बेटा?' थरथरत्या आवाजात, असा की दगडाला पाझर फुटावा. 'नातवाचं कॉलेज, आज शेवटचा दिवस, हा कागद छापून हवा...' आणि ओढणीच्या गाठीतून काढला काय? पेनड्राइव्ह!

मी विरोध केला हो! म्हटलं हज्जा, बाहेरची वस्तू या कॉम्प्युटरला लावत नाहीत, नियम आहे. 'बरं,' म्हणाली. नुसतं बरं! कपाकडे बघत बसली. वाफ कमी झाली... फव्वाज दारातून बघतोय... वाफ गेली... फव्वाजच्या डोळ्यांत पाणी! आणि प्रिंटर कुठल्या कॉम्प्युटरला जोडलेला? त्याच! उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर सात गावं काय म्हणणार? अबू घालिबच्या कचेरीतून बाई कॉफी न पिता उठली! माझा बाप कबरीत कूस बदलेल! म्हटलं, प्या हज्जा, तुमचं काम झालं समजा! चोवीस अक्षरं मारली आणि पेनड्राइव्ह लावला.

तिनं कप उचलला, तीन घोट घेतले, पुरे म्हणून कप हलवला, म्हणाली, 'कॉफी छान आहे बेटा.' आणि पडद्यावर काय? नातवाचा कागद? छे! एवढा थोरला कॉफीचा कप! खाली लिहिलेलं, 'अम्मो, सही कुठे करताय?' ही हज्जा फिद्दा म्हणजे त्याच वर्गातली! पहिल्या बाकावरची! तेरावी! निवृत्त गणिताच्या बाई! रनीमनं बारा सांगितल्या, कारण ही एकटीच अशी की जिला कुणाचा बाप अडवणार नव्हता!

रनीम आली. मला वाटलं आता टाळ्या पिटेल. हसलीसुद्धा नाही. शेजारी बसली, दोन कळा दाबल्या आणि सातही गावांचे पंप, झडपा, सगळं पडद्यावर आलं. 'अम्मो, हे बघा.' गेल्या महिन्यात कुणीतरी दूर कुठूनतरी बसून चारशे वेळा या कॉम्प्युटरचं दार ठोठावलं होतं. चारशे वेळा! मी खाली कॉफी उकळतोय, फव्वाज पेंगतोय, आणि चारशे वेळा! तीन हजार घरांचं पाणी माझ्या खिशातल्या किल्लीवर नव्हतंच कधी... आणि ती पोर भराभर एकेक वाट बंद करत गेली, प्रिंटर वेगळा, पेनड्राइव्ह बंद, हे बंद, ते बंद. मी नुसता बघत होतो. तुम्हाला खरं सांगतो, माझा बाप विहिरीचं पाणी वास घेऊन ओळखायचा, तेव्हा लहानपणी मी असा आ वासून बघायचो, त्यानंतर थेट त्या दिवशी बघितलं. मी म्हटलं, पोरी, माझी चूक झाली. म्हणाली, 'तुमची कसली अम्मो? दारात आलेल्याला कॉफी द्यायलाच हवी. फक्त आमच्यासारखं कुणीतरी शेजारी बसलेलं हवं.'

सही केली. हॉलची केली, आणि कचेरीत दोन जागा हव्यात म्हणून अम्मानला अर्जही लिहिला. एकीवर ही रनीम आली. पाइप बाहेर उन्हात पडलेत, पडू देत.

आणि तुम्हाला वाटेल, आता अबू घालिब साहेब सुखात असेल. कालचीच गोष्ट! माझा पासवर्ड मीच विसरलो. गेलो हिच्या टेबलाशी. हिनं उठून कॉफी दिली, मान राखला. मी घेतली... आणि खाली ठेवली. मुद्दाम! बघत राहिलो. वाफ कमी झाली. वाफ गेली. दारातून फव्वाजचा हुंदका! आणि ही मान वर न करता म्हणते, 'अम्मो, ओळखपत्र दाखवा. मग दोन प्रश्न विचारीन.' ओळखपत्र घरी राहिलेलं!

काय करणार... प्यायलो. गारढोण.