तांबानगरच्या शाफ्टवर

मी मूळचा भंडाऱ्याकडचा जी, साखरे आडनाव, बाप मँगनीजच्या खाणीत होता म्हून मलेही खाणच भेटली, पण कुठी, तर राजस्थानच्या वाळवंटात, तांब्याच्या खाणीवर. काम पिंजरा चालवायचं. पिंजरा म्हणजे खाणीची लिफ्ट, समजा, शाफ्टच्या उभ्या भुयारातून वरखाली जाणारी. इथं परदेशात, पुंगोलले पोराकडं आमी अकराव्या माळ्यावर राह्यतो, बटन दाबलं का झालं, तिथं मी इंजिनघरात ब्रेक धरून बसे, खालचं माणूस दिसत नाही, नुसती घंटा ऐकायची. तीन घंटा आल्या का माणसं चढली, मंग एक आली का ओढायचं. घंटेबिगर पिंजरा हलवायचा नाही, हा नेम.

मी गेलो तवा चार तंबू होते अन् वाळू होती. काय सांगू तुमाले ताई, पाहता पाहता क्वार्टर उभे झाले, शाळा, दवाखाना, बाजार, बिहारी आले, ओडिशाचे आले, आमच्या बायकोनं गणपती बसवला तर तिथल्या बाया मोदक वळाले शिकल्या. तांबानगर म्हणत सारे. अन् पाण्याचं पहा, वर बाया टँकरपुढं रांगेत, खाली खाणीत पाणीच पाणी, पंप कधी बंद म्हणून नाही.

मंग तांबं सरलं. एकदम नाही सरलं, आधी एक पाळी बंद झाली, मंग डॉक्टर गेला, शाळेत दोन वर्गाचा एक झाला, रोज सकाळी कोणाच्या तरी दारापुढं ट्रक, खाटा चढवून राह्यले. शेवटी कंपनी म्हणे खाण बंद, पंप काढून आणा.

त्या दुपारी हरिराम अन् तिघं शेवटचा पंप आणाले उतरले. हरिराम माझा शेजारी, भिंतीले भिंत, त्याच्या घरची बाजरीची भाकर खाऊन आमचा नितीन मोठा झाला. पंप बंद म्हणजे पाणी चढणारच, तासभर हाती होता. तास झाला, घंटा नाही. टेलिफोन लावला, मुका. मॅनेजर साहेब धावत आला, म्हणे ओढ. मी म्हटलं साहेब, घंटा नाही. तो म्हणे तार तुटली असंल, ते आत बसले असतील, पाणी चढून राह्यलं, ओढ. मी म्हटलं, अन् कोणी अर्धा आत अर्धा बाहेर असंल तर? चार माणसं बुडवशील तू, असा ओरडला जी. दारात हरिरामची बायको येऊन उभी होती, घुंगट सरकलेला, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तिचं तोंड पाह्यलं. नुसती माझ्या हाताकडं पाहे.  साहेब खरा असंल तर? हेच डोक्यात. साहेबानं माझं मनगट धरलं. मी म्हटलं, साहेब, हात सोडा.

अन् घंटा वाजली. एक. दोन. दोन म्हणजे तर खाली सोड. मी दम धरून बसलो. तीन. मंग थांबून एक.

चौघंही वर आले, गळ्यापर्यंत ओले. लोखंडी पाइप पडून हरिरामचा पाय पिंजऱ्याच्या दारात दबला होता, धड आत, पाय बाहेर. तिघं बुड्या मारमारून पाइप उचलत होते अन् हरिराम एकच बोले, साखरे, मत खींचना, मत खींचना. वर मले काय ऐकू येणार! साहेब तिथंच खाली बसला, मी त्याले पाणी देल्लं. त्याच्यावर राग नाही माझा, त्यालेही वाचवायचंच होतं. हरिरामचा पाय गुडघ्यातून गेला, पण माणूस राह्यला. महिनाभरात आमीही निघालो, मागं आमच्या ओळीत एक कुत्रं होतं फक्त.

औंदा नितीन इथल्या सिटिझनचे कागद भरून राह्यला होता. जन्मगाव विचारलं. बाबा, म्हणे, तांबानगर आता नकाशातही नाही, पोस्टातही नाही, जिल्हा लिहितो. नात इथल्या लोकांसारखं 'ला' लावून म्हणे, जिल्हाच टाका ला आजोबा, काय फरक पडतो. टाकला. आमची बायको त्या दिवशी जेवाले उठेना. मी म्हटलं, अगं, गाव गेलं, माणसं तर जगली ना?  मंग म्हणे, हो, जगली. अन् ताट वाढाले उठली.