मिठाचं पीक

नाही मॅडम, तुमच्या लाल पेनामुळे नाही, तेवढं मनातून काढून टाका. निबंधातलं एक वाक्य तुम्ही खोडलंत, वर बरोबर वाक्य लिहून दिलंत — शिक्षकाचं कामच आहे ते — तेवढ्यावरून आमची मनस्वी परीक्षेत इंग्रजीचा पेपर कोरा देणार नाही. बसा ना. ती आईबरोबर दुकानात गेलीय, येईलच. फक्त ती खिडकीतली बाटली हलवू नका. मीठपाणी आहे, दोरा सोडलाय त्यात. हां, तिचीच.

मीच सांगतो काय झालं ते. निबंध होता आजोबांवर. म्हणजे माझ्या बाबांवर, दत्तू म्हणायचे त्यांना इथे शिरवण्यात. तिने लिहिलं, माय ग्रँडफादर ग्रू सॉल्ट. तुम्ही ‘ग्रू’वर काट मारून ‘मेड’ केलंत. आता आमच्याकडे कुणालाही विचारा, मीठ पिकतंच म्हणतात — यंदा बरं पिकलं, अवकाळीनं पीक गेलं, असंच. पहिल्या ढिगावर नारळ ठेवायचे. पोरीनं आजोबांकडून ऐकलं ते लिहिलं. पण मला ते दिसलं ना — मी महाप्याला कंपनीत स्टोअर सांभाळतो, शिक्षण दहावी, इंग्रजी सगळं घरी बसून शिकलेलो. एकोणीस वर्षं डायरी लिहितोय, रोज एक इंग्रजी शब्द आणि त्याचं एक वाक्य. मनस्वी पाचवीत गेल्यापासून रोज संध्याकाळी ती ते वाक्य तपासायची, बरोबर असलं की टिक. तर ‘ग्रो’ हा शब्द मी चार दिवस घेतला होता. भात, केस, मुलं — ही तर झालीच. पण त्यांच्याकडे म्हातारं होणंसुद्धा ग्रो, माणूस गप्प होत जातो तेही ग्रो. आमच्या कंपनीच्या गेटवर पाटी आहे, वुई ग्रो टुगेदर, तेही चालतं. मीठ मात्र माझ्या डिक्शनरीत त्या शब्दापुढे नव्हतं. मग चूक ती चूक. मी तिला समोर बसवलं आणि दहा वेळा लिहायला लावलं — सॉल्ट डज नॉट ग्रो. तुम्ही नव्हतं सांगितलं, मॅडम. मी लावलं.

बाबा इथेच होते, तुम्ही बसलात त्या खाटेवर. रविवार होता, जेवायची वेळ. पोरगी रडत काय लिहितेय, विचारलं त्यांनी. मी सांगितलं. मराठीत सांगितलं, नीट, प्रत्येक शब्द — मीठ पिकत नाही, असं लिहितेय.

काही ओरडले नाहीत. म्हणाले, "पिकत नाय? मंग येवढी वर्सं मी पानी कशाला राखला?"

उत्तर द्यायचं ना? मी म्हटलं, बाबा, इंग्रजीत तसं नसतं. आता त्या माणसानं चाळीस वर्षं उधाणाचं पाणी आत घेतलं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडलं, ऊन बघत बसला — वेळ चुकली की मीठ कडवट होतं — आणि ती सगळी मिठागरं गेली, तिथे आता बिल्डिंगी आहेत, दाखवायलाही काही उरलं नाही. त्याला मी इंग्रजीत कसं नसतं ते सांगतोय. ताट वाढलेलं होतं. ताटातलं मीठ त्यांनी बोटानं कडेला सारलं आणि जेवले. त्यानंतर मीठ घेतलं नाही ताटात. अकरा दिवस. बाराव्या दिवशी सकाळी गेले. डॉक्टर म्हणाले वय झालं होतं, ब्याऐंशी. बरोबर आहे, वय झालंच होतं. डायरीत मी तसंच लिहिलं.

मनस्वी त्या रविवारपासून बोलतच नाही माझ्याशी. जेवायला चला, हेही आईकडून येतं. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने ही बाटली आणून ठेवली, आणि विज्ञानाचं पुस्तक माझ्या उशीवर, पान दुमडून. प्रयोग होता. खाली इंग्रजीत, ग्रो युवर ओन सॉल्ट क्रिस्टल्स.

ग्रो, मॅडम. तुमच्याच शाळेचं पुस्तक.

नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, मलाही काही वाटत नाही. खरंच. मी मोजतो फक्त. रोज सकाळी पट्टी बाहेरून लावतो. काल साडेतीन मिलिमीटर होता खडा. रडूही आलं नाही अजून, अग्नी दिला तेव्हाही नाही — माणसं बघत होती, मी लाकडं किती लागली ते बघत होतो.

तिला सांगा म्हणता? काय सांगू? चुकलो म्हणून? आज लिहिलंय मी, हे बघा, माय फादर ग्रू सॉल्ट. एवढंच वाक्य. तोंडानं म्हणायला बाबांसमोर म्हणायचं होतं, ते राहिलं. आणि तिला म्हणायला गेलो की ती उठून जाते. हा समास बघा — चौतीस दिवस टिक नाही.

चप्पल वाजली. आली ती.

मनू, मॅडम आल्यात. बाटली कुणी हलवली नाही.

मॅडम, तुम्ही निघा आता. नको, डायरी मिटू नका. आहे तशी राहू द्या, तिथेच. पेन पण.